कोंबड्यांची पाणपोई

धुळ्यात उन्हं तापली की चौकाचौकांत पाणपोया उगवतात. आधी फलक येतो, मग मांडव, मग नारळ, आणि सवड झालीच तर शेवटी पाणी. फलकावर हात जोडलेली हसरी मंडळी असतात आणि कोपऱ्यात रांजणाचं चित्र असतं. चित्रातला रांजण बहुधा खालच्या खऱ्या रांजणापेक्षा मोठा असतो. तिथून जाताना मी सवयीने आत डोकावतो. ही सवय मला चोपड्याच्या यादवनानांनी लावली. त्यांनी आयुष्यात एकच पाणपोई चालवली. तिला फलक नव्हता, उद्घाटन झालं नव्हतं आणि तिथे पाणी पिणाऱ्यांपैकी कुणालाही वाचता येत नव्हतं. ती कोंबड्यांची होती.

चोपड्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो तेव्हा नानांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत असे. नाना जिनिंगमधून निवृत्त झालेले. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या गडगडाटात उमेदीची वर्षं गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं, आणि समोरच्यालाही कमीच येत असणार अशा समजुतीने ते बोलायचे. अंगाने थोराड, चालायला संथ. अंगणात आधी त्यांची सावली यायची, मग नाना. घरात खानदेशी, माझ्याशी मात्र वर्तमानपत्री मराठी. गळ्यात तुळशीची माळ. अंडं हा शब्दसुद्धा त्या घरात चालत नसे. नानांच्या पत्नी कमलअक्का त्याला नुसतं 'ते' म्हणत, आणि तेही पदर नाकाला लावून.

अशा घराच्या अंगणात उन्हाळाभर कोंबड्या असायच्या, आणि त्या रुमलीच्या होत्या.

रुमली सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. नानांच्या केळीच्या बागेत ती कामाला यायची. होळी आटोपली की तिचं सगळं घर मजुरीला गुजरातकडे जाई. पाड्यावरचा नाला तोवर आटलेला असे. मागे राहिलेली म्हातारी माणसं स्वतःच्या घशापुरतं पाणी लांबून आणत, ती कोंबड्यांना कुठून पाजणार? म्हणून, मी तिथे राहायला येण्याआधी, एका वर्षी रुमली डोक्यावर बांबूचं डालगं घेऊन नानांच्या दारात उभी राहिली. आतून कलकल चालली होती.

"नाना, पाऊस येईतोवर ठेव."

अक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अवं बाई, माळकरीना घर शे हाई. आठे अंगणमा कोंबड्या?"

"म्हनीसन तं आन्या," रुमली म्हणाली. "तुमी खानार नही."

नानांनी डालग्याला हात दिला. मी पुष्कळ तर्कशास्त्र वाचलं आहे, त्यातही याला तोड नाही. डालगं खाली उतरलं आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात उतरत राहिलं. राखणदाराला अर्धी अंडी असा पाड्यावरचा रिवाज होता. नानांनी आपला वाटा माझ्याकडे वळवला. मी खिडकी लावून स्टोव्हवर आम्लेट करायचो आणि दुसऱ्या दिवशी अक्का हवेत बघत म्हणायच्या, "काल कुठंतरी काहीतरी जळत होतं."

नानांचा दिवस पाण्याने सुरू व्हायचा. अंगणात एक जुना निंब होता. त्याच्या सावलीत विटांवर मातीचे पसरट परळ मांडलेले असत. विटांवर अशासाठी की कोंबड्या माती उकरतात तेव्हा कचरा पाण्यात उडू नये. प्रत्येक परळात मधोमध नदीतला गोटा, म्हणजे पिल्लू आत पडलं तरी त्याला चढायला जागा. परळ एकमेकांपासून लांब ठेवलेले, कारण कोंबड्यांतही एखादी पुढारीण असते. ती पाण्यापाशी उभी राहते आणि गरीब कोंबडी तहानलेली परत जाते. सावली सरकली की नाना परळ सरकवायचे. गल्लीला घड्याळ लागत नसे. नाना निंबाच्या पूर्वेला दिसले तर दुपार उलटली असं समजायचं.

पण त्यांचं खरं काम पाणी ओतण्याचं नव्हतं, ते फेकण्याचं होतं. सकाळी भरलेलं पाणी दुपारच्या आत फेकायचं, नारळाच्या काथ्याने आणि राखेने परळ घासायचा, आतून बोट फिरवून बघायचं, पुन्हा भरायचं. दुपारी तेच, उन्हं कलताना तेच. ज्या गावात नळाची वाट पावसासारखी बघतात, त्या गावात हे दृश्य पाहून शेजारणी हळहळायच्या. नाना ते पाणी अंगणातल्या केळीच्या खुंटांना घालत, त्यामुळे वाया काहीच जात नव्हतं. तरी फेकणारा हात लोकांना दिसायचा, पिणारी केळ दिसायची नाही.

अक्का एकदा मला ऐकवण्यासाठी मोठ्याने म्हणाल्या, "सर, तुमच्या पुस्तकात असा माणूस आहे का? बायकोने प्यालाभर जास्त घेतलं तर हौदात वाकून बघतो, आणि कोंबडीने नुसतं तोंड लावलं तर बादली ओततो."

"तू सांगस तरी, तहान लागनी म्हनीसन," नाना म्हणाले. "ती सांगत नही."

या फेकण्यामागे एक गोष्ट होती. ती अक्कांनी सांगितली. नाना समोरच बसून, आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवत होते.

रुमलीच्या कोंबड्या पहिल्यांदा आल्या ते वर्ष. उन्हं अशी की कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकत होत्या. नानांना त्यांचं करावं तेवढं थोडं वाटत होतं. उन्हातून आलेल्या माणसाला आपण काय देतो? गूळपाणी. नानांनी अक्कांच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ काढलं, चिंचेने लखलखीत केलं, त्यात गुळाचं पाणी कालवलं आणि पाहुण्यांपुढे अंगणाच्या मधोमध ठेवलं. कोंबड्या आल्या, प्यायल्या, नाना धन्य झाले आणि बाजेवर आडवे झाले. उठले तेव्हा सूर्य घंगाळात उतरला होता. पाणी चहासारखं तापलेलं, गूळ आंबलेला, काठावर मुंग्यांची जत्रा. तहानेला पर्याय नव्हता म्हणून कोंबड्या तेच पीत राहिल्या. त्यांची पोटं बिघडली, आणि एक चांगली अंड्यावरची कोंबडी गेली.

"आमच्या घरात कुणी गेल्यासारखे बसले होते," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, सुतक धरता का आता?"

पावसाच्या तोंडावर रुमली परतली. नाना तिला सांगायला गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत चालत गेले. घंगाळ, चिंच, गूळ, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"कोंबडी मरस, नाना. तिनं काय," ती म्हणाली. "पन पानी जुनं झायं का फेकी दे. गूळ नको, काही नको. फेक नि नवं भर."

एवढंच. रागावली असती तर नाना विसरले असते. ती रागावली नाही, म्हणून त्यांनी ते जन्मभर पाळलं. घंगाळ पुन्हा माळ्यावर गेलं आणि अक्कांनी ते आंघोळीलासुद्धा परत काढलं नाही.

पाण्याशी नानांचं नातं त्याहून जुनं होतं. जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्यांजवळ आगीसाठी पाण्याची पिंपं आणि लाल बादल्या भरून ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात ते काम नानांकडे असे. "ते पाणी कधी बदललं नाही," ते मला म्हणाले. "हिरवं व्हायचं. अळ्या व्हायच्या. आगीला चालतं हो, सर. आग तोंड वाकडं करत नाही." आणि मग बऱ्याच वेळाने, मी दुसऱ्याच विचारात असताना, "जिवाला नाही चालत."

चोपड्याच्या मे महिन्यातल्या दुपारी मला अजून आठवतात. रस्ता रिकामा, दारं लोटलेली, गरम वारा केळीच्या पानांच्या चिंध्या हलवतोय. उत्तरेला सातपुडा असायचा, पण उन्हाच्या झळांत तो कधी विरून जाई, कधी पुन्हा जमून येई, जणू कुणाच्यातरी मनात आहे आणि नक्की ठरत नाहीये. सगळं गाव झोपेच्या तळाशी गेलेलं. निंबाखाली बाजेवर नाना, डोळे अर्धे मिटलेले. ओल्या गोणपाटाने गुंडाळलेल्या माठातून थेंब पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा थेंब. एखादी कोंबडी उठून परळाशी जायची, चोच बुडवायची, मान वर करून आभाळाकडे बघायची. तिच्या गळ्यातून पाणी उतरताना दिसायचं. माझ्या हातातलं पुस्तक कितीतरी वेळ त्याच पानावर असे, आणि त्या पुस्तकाविषयी माझी काही तक्रार नसे.

"बघितलं?" नाना डोळे न उघडता म्हणायचे. "एक घोट घेते आणि वर बघते. माणूस बघतो का?"

कोंबडीला पाणी ओढून गिळता येत नाही, मान वर केल्याशिवाय ते खाली उतरतच नाही, हे मला माहीत होतं. त्या दुपारींत ते सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय नानांनाही ते माहीत असावं असा मला संशय आहे.

एकदा ते अचानक उठून बसले आणि म्हणाले, "सपनमा तापी उनी व्हती. फाटकपान उभी ऱ्हायनी नि इचारे, कोणतं भांडं भरू?" तापी नदी, फाटकात येऊन उभी.

स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज आला, "उनीच व्हती तं दोन हांडा भरी लेवाना व्हतात."

नाना परत आडवे झाले. बहुधा तिला तेच सांगायला गेले.

आमच्या गल्लीत तेव्हा एक होतकरू भाऊ होते. निवडणूक लांब होती, पण तहान जवळ होती, म्हणून त्यांनी पाणपोई काढली. मांडव, सतरंजी, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. रांजण नव्या तांबड्या कापडात गुंडाळलेला, गळ्यात झेंडूचा हार. भाषणांत जलदानाचं पुण्य बराच वेळ वाहत राहिलं. पहिला पेला गल्लीतल्या ज्येष्ठ माणसाने प्यावा असं ठरलं होतं. नानांना पुढे बसवलं होतं. नाव पुकारल्यावर नाना आपल्या चालीने उठले, रांजणापाशी गेले, पेला बाजूला ठेवला, बाही वर केली आणि हात थेट रांजणात खांद्यापर्यंत घातला. तळाला बोट फिरवलं. बाहेर काढून बघितलं.

"घासेल नही," त्यांनी ध्वनिक्षेपकाची गरज न पडता सांगितलं.

भाऊ हसत म्हणाले, "नाना, नवा कोरा रांजण आहे."

"नव्याला तर भाजणीची माती असते, भाऊ."

आणि त्यांनी रांजण आडवा केला. पाणी सतरंजीवरून, खुर्च्यांच्या पायांमधून, पांढऱ्या बुटांना वळसे घालत गटारीकडे गेलं. मंडळी पाय वर घेऊन बसली. मी अनेक उद्घाटनं पाहिली आहेत. पाहुण्यांपर्यंत खरोखर पाणी पोचलेलं तेवढंच एक. भाऊंच्या चेहऱ्याकडे नानांचं लक्षही नव्हतं. ते मांडवामागे बसून काथ्याने रांजण घासत होते, आणि त्यात कुणाचा अपमान असेल असं त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. ते रोजच्यासारखं परळ घासत होते, फक्त परळ जरा मोठा होता. पुढे भाऊंची पाणपोई आठवडाभरात कोरडी पडली. फलक दिवाळीपर्यंत होता.

एक प्रश्न मला बरीच वर्षं विचारायचा होता. पावसानंतर पाड्यावर देवाचा सण असतो. ज्या कोंबड्यांना नाना उन्हाळाभर असे जपायचे, त्यांतल्या काही त्या सणाला देवापुढे कापल्या जायच्या आणि मग ताटात यायच्या. नानांना हे ठाऊक होतं. गळ्यात माळ घालून हे कसं जमतं? एके दिवशी मी धीर करून विचारलंच. मोठ्याने विचारावं लागलं, त्यामुळे प्रश्न होता त्यापेक्षा उद्धट झाला.

नाना परळातला गोटा धूत होते. तो त्यांनी आधी जागेवर ठेवला. मग माझ्याशीही खानदेशीतच बोलले.

"कोंबडी तिनी, देव तिना. मना काय शे? पानी." माझं काय, तर पाणी.

पुढे मी धुळ्याला आलो. मधल्या काळात जाणं-येणं फोनवर आलं, आणि नानांशी फोनवर बोलणं म्हणजे सगळ्या इमारतीशी बोलणं. मग गेल्या उन्हाळ्यात अक्कांचा फोन आला. नाना न्हाणीत पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण अंगातली ताकद परत येत नव्हती. ते बाजेवरच होते. अंगणात रुमलीच्या कोंबड्या होत्या आणि ऊन असं होतं की पाखरं झाडावरून पडत होती.

"तुम्ही येऊ नका सर, फार तापतंय," अक्का म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "या."

कॉलेजला सुट्टी होती. मी गेलो आणि जुन्याच खोलीत राहिलो. नानांची बाज खिडकीपाशी ओढलेली होती, निंब दिसेल अशी. ते इतके उतरले होते की बाज मोठी वाटत होती. बोलणं कमी झालं होतं, आवाजही कमी झाला होता. त्या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

अंगणात अक्का होत्या. पदर कमरेला खोचलेला, समोर राखेचा ढीग आणि परळ. इतक्या वर्षांत त्यांनी कोंबड्यांच्या भांड्याला बोट लावलं नव्हतं. आता त्या परळ घासत होत्या आणि कोंबड्यांशी बोलत होत्या. बोलणं चांगलं नव्हतं, पण बोलत होत्या.

"घासं का?" खिडकीतून क्षीण आवाज आला.

"घासं."

"कडेले शेवाळ शे."

"तुले आठून दिखस?" अक्का फणकारल्या. मग परळ उन्हात धरून बघितला आणि पुन्हा घासायला घेतला.

नळाला बरेच दिवस पाणी नव्हतं. हौदाच्या तळाची फरशी दिसायला लागली होती. टँकर येतो म्हणायचे, आणि येतो म्हणण्यातच दुपार जायची. मी बाहेरून दोन कॅन आणले तर अक्कांनी त्यातला एक सरळ माठात ओतला आणि माठ निंबाखाली नेला. त्यांनी आपली आंघोळ तांब्यावर आणली होती, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी केळीला जात होतं, आणि परळातलं पाणी मात्र पूर्वीसारखंच दिवसातून तीनदा फेकलं जात होतं. दुपारी कोंबड्या धापा टाकायला लागल्या की नाना खिडकीचा गज धरून मान उचलायचे. त्यांचे डोळे एक एक कोंबडी शोधत जायचे. त्यात एक काळी होती, लाल तुऱ्याची. ती दिसेपर्यंत ते मान टेकत नसत. रुमलीने जातानाच सांगितलं होतं, काळी सणाची आहे, देवाला बोललेली. तीच गेली तर रुमलीला काय तोंड दाखवायचं? पहिल्या वर्षी ते रस्त्यापर्यंत चालत तरी गेले होते. आता सांगायला जाण्याइतकेही पाय नव्हते.

"ऱ्हायतीन ना?" ते एकदा मला म्हणाले. राहतील ना? मी हो म्हणालो. माझ्या म्हणण्याला आधार काही नव्हता. आधार अंगणात राखेने हात काळे करून बसला होता.

त्या आठवड्याच्या शेवटी आभाळ भरून आलं. पाऊस नव्हता, पण उन्हाची धार बोथट झाली. गुजरातकडची कामं थांबली आणि रुमली नेहमीपेक्षा लवकर परतली. ती आली तेव्हा नाना डोळे मिटून होते. ती बाजेजवळ जमिनीवर बसली. तिचेही केस आता पांढरे झाले होते. नानांनीच डोळे उघडले.

"बठ्ठ्या शेतस," ते म्हणाले. सगळ्या आहेत.

"देख्यात मी."

"कमलनी पाज्या."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले, जरी ते कोरडे होते.

"काळी देवाले?" नानांनी विचारलं.

"हा नाना. देवाले."

खिडकीतून निंबाचा वारा आला. नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

"पानी पाजीसन ली जाय," ते म्हणाले.

रुमली अंगणात गेली. खिडकीतून मला दिसत होतं. तिने परळातलं पाणी केळीच्या बुडाशी टाकलं, माठातलं नवं भरलं आणि काळी पिऊन होईपर्यंत शेजारी उकिडवी बसून राहिली. काळीला घाई नव्हती. एक घोट, मग वर. एक घोट, मग वर. मग रुमलीने सगळ्या कोंबड्या डालग्यात घातल्या, डालगं फाटकाशी ठेवलं आणि निरोप घ्यायला आत आली.

बाजेच्या उशाशी नानांचा पाण्याचा पेला होता. सकाळी भरून ठेवलेला. या सगळ्या धावपळीत तो तसाच राहिला होता, वर निंबाचं एक बारकं पान तरंगत होतं. रुमलीने पेला उचलला, आत बघितलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून पाणी फेकून दिलं. पेला बोटाने आतून घासला. माठावर गेली, भरून आणला. एका हाताने तिने नानांची मान उचलली.

नानांनी एक घोट घेतला. तो खाली उतरावा म्हणून त्यांना मान मागे टाकावी लागली, आणि तसे ते काही वेळ वर बघत राहिले.

मग त्यांनी दुसरा घोट घेतला.